चेनचा पिच आणि स्प्रॉकेटचे दात: चेनसॉसाठी योग्य जोडी कशी निवडावी

दुकानात जाऊन ‘अठरा इंची चेन द्या’ एवढंच सांगितलं, तर हातात पडलेली चेन तुमच्या मशीनवर बसेलच याची खात्री नाही. अठरा इंच ही बारची, म्हणजे चेन ज्याच्याभोवती फिरते त्या पट्टीची, लांबी झाली. चेन घेताना तीन वेगळी मापं सांगावी लागतात: पिच (रिवेटमधलं सरासरी अंतर), गेज (ड्राइव्ह लिंकच्या जिभेची जाडी) आणि ड्राइव्ह लिंकची, म्हणजे बारच्या खाचेत जाणाऱ्या जीभवाल्या कड्यांची, संख्या. त्यातही पिच तीन ठिकाणी एकच असावा लागतो. चेनचा, क्लचवरच्या स्प्रॉकेटचा (चेन ओढणाऱ्या दातेरी चक्राचा) आणि बारच्या टोकात बसवलेल्या छोट्या चक्राचा. हे तिन्ही जुळल्यावरच ‘सात दात ठेवू की आठ’ या प्रश्नाला अर्थ येतो.

नवीन माणूस बहुधा उलट्या क्रमाने जातो. कापणं संथ वाटलं की आधी मोठं स्प्रॉकेट मागवतो. पण दहातल्या नऊ वेळा दोष बोथट चेनचा किंवा कमीजास्त घासलेल्या रेकरचा (कटरपुढच्या, कापाची खोली ठरवणाऱ्या उंचवट्याचा) असतो, आणि बोथट चेन जास्त वेगाने फिरवली तर लाकूड कापण्याऐवजी जळतं. कापताना जाडसर ढलपे पडत असतील तर चेन धारदार आहे असं समजा. पिठासारखा भुसा पडत असेल तर आधी कानस हातात घ्या, स्प्रॉकेटचं नंतर बघू.

पायरी १: मशीनवर आत्ता काय आहे ते मोजा

चेन काढून सपाट फळीवर सरळ ठेवा. लागोपाठचे तीन रिवेट निवडा. पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा आणि दोनने भागा. हा झाला पिच. दोनच रिवेटमधलं अंतर घेऊन चालत नाही, कारण ड्राइव्ह लिंकची भोकं आणि कटरची, म्हणजे चेनच्या कापणाऱ्या दातांची, भोकं सारख्या अंतरावर नसतात. म्हणून सरासरी काढायची.

तीन रिवेटचं अंतर साधारण असं येतं: १/४ इंच पिचला १२.७ मिलिमीटर, .३२५ ला १६.५, ३/८ ला १८.६ आणि .४०४ ला २०.५. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. ३/८ इंच म्हणजे तीन सूत, हिशोबाने ९.५२५ मिलिमीटर. पण चेनसॉच्या ३/८ चेनचा खरा पिच ९.३२ मिलिमीटर असतो. त्यामुळे १९ च्या जागी १८.६ मिळालं तर आपलं मोजमाप चुकलं असं समजू नका.

व्हर्नियर नसेल तर साध्या पट्टीने एकदम २१ रिवेट मोजा. मधली अंतरं २० होतात. .३२५ ची चेन १६५ मिलिमीटर भरेल, ३/८ ची १८६. एवढा फरक पट्टीवर कुणालाही दिसतो. चेन फार वापरलेली असेल तर अंतर एखाद-दोन मिलिमीटर जास्त येईल, तरी एका पिचची चेन दुसऱ्यासारखी वाटणार नाही.

आता गेज. बारच्या खाचेत जाणाऱ्या ड्राइव्ह लिंकच्या जिभेची जाडी म्हणजे गेज. ती १.१, १.३, १.५ किंवा १.६ मिलिमीटर असते; इंचात .०४३, .०५०, .०५८ आणि .०६३. पैकी १.५ आणि १.६ यांतला फरक डोळ्यांना कळत नाही, त्यासाठी व्हर्नियरच हवा. जाड जीभ बारीक खाचेत शिरतच नाही, त्यामुळे ती चूक लगेच लक्षात येते. घोटाळा उलट्या बाजूने होतो. १.६ च्या खाचेत १.३ ची चेन मजेत बसते, फिरतेही. पण दोन्ही बाजूंना डुलत राहते आणि काप तिरका जातो. माणूस मग कटर घासत बसतो, तरी काप सरळ येत नाही.

शेवटी ड्राइव्ह लिंक मोजा. एका लिंकवर खडूची खूण करून मोजायला सुरुवात करा. घाईत एखादी निसटते, म्हणून दोनदा मोजा. बाजारात सर्वत्र मिळणाऱ्या ५२ आणि ५८ सीसीच्या चिनी बनावटीच्या मशीनवर बहुतेक वेळा .३२५ पिच आणि १.५ मिलिमीटर गेज असतं. १८ इंची बारला ७२ लिंक आणि २० इंचीला ७६ लिंक असा आकडा नेहमी दिसतो. तरीही स्वतः मोजल्याशिवाय चेन घेऊ नका. एकाच लांबीच्या दोन कंपन्यांच्या बारमध्ये दोनचार लिंकचा फरक सहज पडतो.

हे आकडे बारच्या मागच्या टोकाला, बोल्टच्या खाचेजवळ, कोरलेले असतात. तिथला चिकट तेलकट थर रॉकेलने पुसला की वाचता येतात. चेनवरही खुणा असतात. ओरेगॉन कंपनीच्या ड्राइव्ह लिंकवर २१ असेल तर ती .३२५ पिच आणि १.५ गेजची, २० असेल तर १.३ आणि २२ असेल तर १.६ गेजची. त्याच कंपनीच्या ७२, ७३ आणि ७५ या ३/८ च्या चेन, अनुक्रमे १.३, १.५ आणि १.६ गेजच्या, ९१ म्हणजे ३/८ लो प्रोफाइल, बुटक्या कटरची. स्टिल (Stihl) कंपनीच्या कटरवर, रेकरच्या बाजूला, एक आकडा असतो: २ म्हणजे .३२५, ३ म्हणजे ३/८, ४ म्हणजे .४०४ आणि ६ म्हणजे ३/८ पिको, म्हणजेच लो प्रोफाइल.

पायरी २: इंजिनाच्या ताकदीला कोणता पिच शोभतो

पिच वाढला की कटर मोठा होतो, ढलपा मोठा निघतो, ढलपे बाहेर पडायला जागाही जास्त मिळते आणि चेन मजबूत होते. पण तो मोठा कटर लाकडातून ओढायला इंजिनात दम असावा लागतो.

फांद्या छाटायची छोटी आणि बॅटरीवरची मशीनं १/४ इंचावर किंवा ३/८ लो प्रोफाइलवर चालतात. साधारण ३० ते ४० सीसीपर्यंतच्या घरगुती मशीनवर ३/८ लो प्रोफाइलच सर्रास आढळतो, सहा दातांच्या स्प्रॉकेटबरोबर. ४५ ते ५८ सीसीपर्यंत .३२५ चांगला. ६० सीसीच्या वर साधा ३/८, आणि मोठे बुंधे कापणाऱ्या ९० सीसी व त्यावरच्या मशीनला .४०४. या सीमारेषा दगडावर कोरलेल्या नाहीत. ५० सीसीचं चांगलं व्यावसायिक मशीन ३/८ ओढतं आणि ५८ सीसीचा शिक्का मारलेलं स्वस्त मशीन .३२५ वरही धापा टाकतं. सीसीपेक्षा किलोवॅटचा आकडा बघा. दोन किलोवॅटच्या आसपास असेल तर .३२५ सोडू नका.

३/८ आणि ३/८ लो प्रोफाइल यांची गफलत फार होते. पिच सारखाच असल्यामुळे दुकानदारही कधी कधी एकाच्या जागी दुसरी देतो. लो प्रोफाइलचा कटर बुटका असतो, ड्राइव्ह लिंकचा आकार वेगळा असतो आणि तिच्या बारचं टोकही निमुळतं असतं. साधी ३/८ त्या टोकावर नीट वळत नाही, आणि लो प्रोफाइल चेन ७० सीसीच्या मशीनवर चढवली तर ती ताण सोसू शकत नाही. पिचचा आकडा एक असला तरी या दोन वेगळ्या चेन आहेत असंच धरून चाला.

पिच चुकला की काय होतं? .३२५ ची चेन ३/८ च्या स्प्रॉकेटवर चढवली तर पहिल्या एकदोन दातांत लिंक बसते, पुढची दाताच्या डोक्यावर चढते. चेन हाताने ओढून बघितली तरी अडखळते. तशीच चालू केली तर उड्या मारते आणि काही मिनिटांत ड्राइव्ह लिंकच्या जिभा ठेचल्यासारख्या होतात, कडांना बुरे येतात. अशी चेन नंतर योग्य स्प्रॉकेटवरही नीट चालत नाही आणि बारची खाच कुरतडते. ती पुन्हा वापरायची नाही.

पायरी ३: स्प्रॉकेटचा प्रकार ओळखा

दोन प्रकार आहेत. एकात दात क्लच ड्रमलाच जोडलेले असतात. याला स्पर म्हणतात. दात झिजले की अख्खा ड्रम बदलावा लागतो आणि दातांची संख्या बदलायची असेल तरी तेच. दुसऱ्यात ड्रमवर खाचांची दांडी असते आणि तिच्यावर वेगळी रिम सरकवून बसवतात. रिम ड्रमच्या मानाने स्वस्त, बदलायला सोपी, आणि दांडीवर थोडी आतबाहेर सरकत असल्यामुळे बारच्या खाचेशी आपोआप रेषेत येते. मशीन रोज चालत असेल आणि त्याला रिमचा ड्रम मिळत असेल, तर स्पर झिजल्यावर तोच घ्या.

रिम मागवताना पिच आणि दात यांच्याबरोबर दांडीचं मापही लागतं. मध्यम मशीनवर बहुधा लहान सात खाची दांडी असते, मोठ्यांवर स्टँडर्ड सात खाची. दोन्हींत खाचा सातच, पण आतला व्यास वेगळा. खाचा मोजून फसू नका. जुनी रिम सोबत न्या.

बारच्या टोकातल्या चक्राला किती दात आहेत याचा स्प्रॉकेटच्या दातांशी काही संबंध नाही. तिथे फक्त पिच जुळला पाहिजे. टोकाला चक्र नसलेला, भरीव टोकाचा बार असेल तर त्याला पिचची अडचण नाही. गेज तेवढं बघायचं.

पायरी ४: वेगाचा हिशोब

स्प्रॉकेटचा प्रत्येक दात एक ड्राइव्ह लिंक ओढतो आणि दोन ड्राइव्ह लिंकमधलं अंतर पिचच्या दुप्पट असतं. म्हणून स्प्रॉकेटच्या एका फेऱ्यात चेन पुढे सरकते ती अशी: दात × २ × पिच.

.३२५ आणि ७ दात: ७ × २ × ८.२५ = ११५.५ मिलिमीटर. इंजिन मिनिटाला ९००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १५० फेरे, म्हणजे चेनचा वेग सेकंदाला १७.३ मीटर. त्याच ९००० फेऱ्यांवर बाकीच्या जोड्या:

- ३/८ लो प्रोफाइल, ६ दात: १६.८ मीटर
- .३२५, ८ दात: १९.८ मीटर
- ३/८, ७ दात: १९.६ मीटर
- .४०४, ७ दात: २१.५ मीटर
- .३२५, ९ दात: २२.३ मीटर
- ३/८, ८ दात: २२.४ मीटर

यादीतला दुसरा आणि तिसरा आकडा बघा. .३२५ ला आठ दात आणि ३/८ ला सात दात, वेग जवळपास एकच. तेवढ्या वेगासाठी पिच बदलायची गरज नाही. बार आणि चेन बदलण्याचा खर्च न करता फक्त रिम बदलून ५० सीसीच्या मशीनला तो वेग मिळतो, अर्थात इंजिन तो पेलत असेल तर.

पेलण्याचा हिशोबही याच आकड्यांत आहे. इंजिनाची शक्ती ठरलेली. वेग वाढला की चेनची ओढ त्याच प्रमाणात घटते. दोन किलोवॅटचं इंजिन, घर्षण सोडून दिलं तर, १७.३ मीटर वेगावर चेनला सुमारे ११५ न्यूटनने ओढतं, म्हणजे पावणेबारा किलो वजनाइतक्या जोराने. आठ दात लावले की वेग १४ टक्क्यांनी वाढतो आणि ओढ १०१ न्यूटनवर, सव्वादहा किलोवर येते. सायकलचा गिअर बदलण्यासारखंच हे. सपाटीवर मोठा गिअर भारी, चढावर पाय थांबतात.

अडचण पुढेच आहे. ओढ कमी पडली की इंजिनाचे फेरे ९००० वर टिकत नाहीत. ते ७५०० वर घसरले तर आठ दातांवरचा वेग उरतो सेकंदाला साडेसोळा मीटर, म्हणजे सात दातांवर ९००० फेऱ्यांना मिळत होता त्याहूनही कमी. शिवाय फेरे घसरल्यावर इंजिनाची शक्तीही घटते. असं मशीन मोकळं फिरवताना जोरदार वाटतं आणि लाकडात बसतं. रिकाम्या आवाजावरून स्प्रॉकेट निवडू नका.

पायरी ५: दात किती घ्यायचे

मशीनसोबत आलेली संख्या ही सुरुवात. ती बदलायची तर एका वेळी एकच दात वाढवा किंवा घटवा.

एक दात वाढवावा असं काम कोणतं? बार लहान आहे, लाकूड मऊ किंवा ओलं आहे, आणि इंजिन कापतानाही चढ्या आवाजात राहतं. १५-१६ इंची बारवर ओली निलगिरी, सुबाभूळ, सिल्व्हर ओक असं दिवसभर चालत असेल आणि ओंडके बारच्या निम्म्या लांबीचे असतील, तर ५० सीसीच्या चांगल्या मशीनला .३२५ चे आठ दात शोभतात. काप भराभर पडतो.

वाळलेली बाभूळ, चिंच, जुनं साग किंवा बारची पूर्ण लांबी लाकडात बुडणारे बुंधे असतील तर सातच ठेवा. लाकडात बुडालेली लांबी वाढली की एकाच वेळी लाकडाला भिडणारे कटर वाढतात, आणि प्रत्येक कटरच्या वाट्याला येणारी ओढ कमी होते. सागाचा आणखी एक त्रास असा की त्या लाकडात सिलिका असते, धार लवकर जाते. माडाचा बुंधाही बाहेरच्या भागात कठीण आणि धारेला वाईट. अशा लाकडात वेगापेक्षा चेन वारंवार घासण्यानेच काम पुढे सरकतं.

दात कमी करावेत का? मोठा बार लावून जुनं मशीन वापरत असाल तर आठावरून सातावर येणं शहाणपणाचं. सातावरून सहावर जाताना मात्र विचार करा. चेन स्प्रॉकेटवर गोलाकार वळत नाही, कोन करत वळते. दात जितके कमी तितके हे कोन तीव्र आणि झटके जास्त. कंप वाढतो, स्प्रॉकेट आणि लिंक दोन्ही लवकर झिजतात. .३२५ आणि ३/८ ला सात हा बहुतेकांसाठी योग्य आकडा आहे तो यामुळेच.

५२-५८ सीसीच्या स्वस्त मशीनवर २० किंवा २२ इंची बार लावून विकतात. त्यावर आठ दात लावू नका. त्या बारवर सात दातांनाही ते जेमतेम पुरतं. वेग हवा असेल तर १६ किंवा १८ इंची बार लावा. घरच्या कामाला तेवढा पुरतो आणि फरक पहिल्याच कापात जाणवतो.

पायरी ६: लाकडावर तपासा

२५ ते ३० सेंटिमीटर जाडीचा, गाठी नसलेला, सरळ ओंडका घ्या. चेन नुकती घासलेली असावी. दोन्ही स्प्रॉकेटसाठी तीच चेन वापरा, मध्ये पुन्हा घासा. मोबाइलवर वेळ लावून प्रत्येक स्प्रॉकेटवर तीन-तीन काप घ्या. मशीनच्या वजनापलीकडे जोर देऊ नका. छोटं टॅकोमीटर मिळत असेल तर स्पार्क प्लगच्या वायरला लावा आणि कापतानाचे फेरे नोंदवा.

आठ दातांवर वेळ कमी आली आणि फेरे इंजिनाच्या कमाल शक्तीच्या आकड्याजवळ राहिले तर ठेवा. तो आकडा मशीनच्या पुस्तिकेत असतो. वेळ तेवढीच आली तर सातवर परत या, कारण हलक्या जोरानेही बसणारं मशीन क्लच घसरवतं. घसरणारा क्लच ड्रमला तापवतो, ड्रम निळसर पडतो, आणि त्याच्या मागे असलेला तेलपंपाचा प्लॅस्टिकचा गिअर वितळतो. फेरे कमी पडतात म्हणून कार्बोरेटरचा स्क्रू आवळून मिश्रण पातळ करणं तर पूर्ण टाळा. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण इंधनातूनच मिळतं. इंधन कमी केलं की तेलही कमी होतं आणि पिस्टन धरतो.

वेग वाढवल्यावर झटका (किकबॅक, म्हणजे बार अचानक मागे उसळणं) बसला तर तोही जास्त जोराचा बसतो. चेन ब्रेक तपासल्याशिवाय काम सुरू करू नका. चेन तुटली तर तुकडे बारच्या रेषेत उडतात, म्हणून त्या रेषेत स्वतः उभं राहू नका आणि दुसऱ्याला उभं राहू देऊ नका.

पायरी ७: स्प्रॉकेट बदला

मशीन थंड होऊ द्या. स्पार्क प्लगची कॅप काढून बाजूला करा. चेन ब्रेक सोडलेला आहे याची खात्री करा. काही मशीनवर ब्रेकचा पट्टा बाजूच्या कव्हरमध्येच असतो. तो आवळलेल्या स्थितीत कव्हर काढलं तर परत बसता बसत नाही. आता कव्हर, चेन, बार काढा आणि साचलेला भुसा ब्रशने साफ करा. जुनी रिम कोणत्या बाजूने बसली आहे त्याचा फोटो काढून ठेवा.

ड्रम बाहेरच्या बाजूला दिसत असेल तर काम सोपं. टोकाची छोटी क्लिप स्क्रूड्रायव्हरने काढा. ती उडते, म्हणून वर बोट ठेवा. मग वॉशर, रिम आणि ड्रम क्रमाने येतात.

क्लचचे शू बाहेर आणि ड्रम आत असेल तर आधी क्लच उघडावा लागतो. त्याचे आटे बहुतेक मशीनवर उलटे असतात: घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं की सुटतो. इंजिन फिरू नये म्हणून प्लग काढून त्या भोकातून पाच-सहा मिलिमीटर जाडीची नायलॉनची दोरी सिलिंडरमध्ये सोडा. त्याआधी स्टार्टर हळू ओढून पिस्टन वर येताना एक्झॉस्टचं भोक झाकेल इतका आणा, नाहीतर दोरी त्या भोकात अडकून कापली जाते. दोरीचं दुसरं टोक बाहेर राहू द्या. फ्लायव्हीलच्या पात्यांत स्क्रूड्रायव्हर अडकवून क्लच सोडवू नका. पाती तुटली तर इंजिनाला थंड करणारी हवा कमी मिळते आणि फ्लायव्हीलचा तोलही जातो.

ड्रमच्या आत बारीक सुयांचं बेअरिंग असतं. ते पेट्रोलने धुऊन, वाळवून, उष्णता सोसणारं ग्रीस बोटभर लावा. जास्त लावलं तर ते क्लचच्या शूवर उडतं.

ड्रम परत बसवताना एका गोष्टीकडे जास्त लक्ष द्या. तेलपंपाच्या गिअरमधून एक तार किंवा कान बाहेर आलेला असतो आणि तो ड्रमच्या कडेच्या खाचेत बसावा लागतो. ड्रम नुसता ढकलून दिला तर तो बसल्यासारखा दिसतो, पण तार वाकते आणि पंप फिरत नाही. बारला तेल मिळत नाही, आणि हे कळतं तेव्हा बार निळा पडलेला असतो. ड्रम हलका दाबून हळूहळू फिरवा. खाच जुळली की तो थोडा आत जातो. मग क्लिप किंवा क्लच लावा. दोरी काढायला विसरू नका.

दात एकाने वाढवले तर तीच चेन बहुधा चालते, फक्त बार थोडा मागे घ्यावा लागतो: .३२५ ला सुमारे ४ मिलिमीटर, ३/८ ला पावणेपाच. तेवढी जागा टेन्शनरमध्ये (चेन ताणायच्या स्क्रूमध्ये) आहे का ते आधी बघा. मोठं स्प्रॉकेट कव्हरला किंवा चेन अडवणाऱ्या कानाला घासत नाही ना, हे हाताने चेन एक पूर्ण फेरा फिरवून तपासा.

बारचं टोक वर उचलून धरा, चेन खालच्या बाजूने लागेल इतकी ताणा आणि टोक वर धरूनच नट आवळा. हातमोजा घालून चेन ओढली की ती सहज फिरली पाहिजे. मग मशीन सुरू करून मंद वेगावर ठेवा. चेन स्थिर राहिली पाहिजे. बारचं टोक एखाद्या पुठ्ठ्यासमोर धरून थोडी रेस द्या. पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली तर पंप चालू आहे.

पिचच बदलायचा असेल तर

.३२५ वरून ३/८ वर जायचं तर स्प्रॉकेट, बार आणि चेन असं तिन्ही नवं घ्यावं लागतं. कानसही बदलते: ३/८ लो प्रोफाइलला ४.० मिलिमीटर, .३२५ ला ४.८, साध्या ३/८ ला कंपनीप्रमाणे ५.२ किंवा ५.५, .४०४ ला ५.५. ४.८ ची कानस ३/८ च्या कटरवर चालवली तर धार आकड्यासारखी आत वळते. चेन लाकडात ओरबाडते आणि लवकर बोथट होते. रेकर .३२५ आणि ३/८ दोन्हींना धारेपेक्षा सुमारे ०.६५ मिलिमीटर खाली हवा.

एवढा खर्च ६० सीसीच्या खाली परवडत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. १८ इंची बारवर .३२५ चे ३६ कटर असतात, ३/८ चे ३३-३४. फरक कटरच्या आकाराचा, आणि तो मोठा कटर ओढायचं बळ असेल तरच उपयोगाचा.

झीज आणि चेनची अदलाबदल

स्प्रॉकेटच्या दातांवर ड्राइव्ह लिंकचे व्रण पडतात. व्रण अर्धा मिलिमीटर खोल गेला की स्प्रॉकेट बदला. नखाने चाचपलं तरी ते कळतं. झिजलेल्या स्प्रॉकेटचा पिच जुळत नाही, कारण लिंक दातात खोल बसते आणि तिथून बाहेर पडताना अडते. नवी चेन अशा स्प्रॉकेटवर चढवली की तीही त्याच बेतात झिजते आणि लवकर ढिली होते.

साधा नियम असा: दोन चेनमागे एक स्प्रॉकेट. त्याहून चांगला उपाय म्हणजे नव्या स्प्रॉकेटबरोबर दोन चेन एकदम घेणं आणि दर थोड्या दिवसांनी आलटून पालटून लावणं. तिन्ही एकत्र झिजतात आणि एकदमच बदलता येतात. चेन बदलताना बारही उलटा करा, म्हणजे त्याची एकच कड झिजत नाही.

नवी चेन लावण्याआधी काही तास बारच्या तेलात बुडवून ठेवा. पहिली पाच मिनिटं लाकडाशिवाय मध्यम रेसवर फिरवा, मशीन बंद करून चेन गार होऊ द्या आणि पुन्हा ताण बघा. नव्या चेनला पहिल्या टाकीत दोनतीनदा ताणावं लागतं. चेन गरम असताना आवळली असेल तर काम संपताच सैल करून ठेवा. गार होताना ती आखडते आणि स्प्रॉकेटच्या बेअरिंगवर सगळा ताण येतो.